चुलीवरची भाकरी

"बीडी ओढता का, आजी?" डॉक्टरांनी विचारलं.

मोठीआई माझ्याकडे पाहायला लागली. "मी तं कधी मिसरीबी नाही लावली रे बाप्पा."

आमचं गाव धाड, बुलढाणा तालुक्यातलं. कपाशी निघाली की पऱ्हाट्यांचा ढीग घरामागे लागायचा. तेच वर्षभराचं सरपण. त्यावर मोठीआईनं चाळीसेक वर्षं भाकरी थापल्या. खोकला सुरू झाला तेव्हा आधी काही महिने टीबीच्या गोळ्या झाल्या. मग संभाजीनगरला सीटी स्कॅन, बायोप्सी. फुप्फुसाचा कॅन्सर.

मी पुण्यात कोड लिहितो. काही बिघडलं की लॉग वाचून मूळ शोधायचं, ही सवय. त्या रात्री हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मोबाइलवर वाचत राहिलो.

धुराचे बारीक कण फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. तिथल्या पहारेकरी पेशी ते गिळतात आणि धोक्याची खूण देतात. मग कॉक्स-टू नावाचं एन्झाइम कामाला लागतं. त्यातून प्रोस्टाग्लँडिन ही रसायनं तयार होतात. सूज येते, दुखतं. त्यातलंच ई-टू नावाचं रसायन पेशींना वाढायला लावतं, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतं आणि रोगाशी लढणाऱ्या पेशींना गप्प बसवतं. मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज ही एन्झाइम्स पेशींभोवतीची जाळी कापून वाट मोकळी करतात.

ही सगळी दुरुस्तीच. जखम भरली की ती थांबायला हवी. पण धूर रोजचा, दोन्ही वेळचा. लूप आहे, एक्झिट कंडिशनच नाही. त्याच धुरानं एखाद्या पेशीचा डीएनए बिघडला, तर तिला वाढ, रक्त आणि पसरायला वाट, सगळं आयतं मिळतं. सूज आणि कॅन्सर यांचं नातं रुडॉल्फ फिरखो यांनी 1863 मध्येच मांडलं होतं.

मला वाटलं, उत्तर सापडलं. कॉक्स-टू अडवणाऱ्या गोळ्या तर मेडिकलवर मिळतात! सकाळी डॉक्टरांना गाठलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "केमोसोबत सेलेकॉक्सिब देऊन पाहिलंय. रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. गाठ झाल्यावर तिला वाढायचे दुसरे रस्ते सापडलेले असतात. स्वतःच्या मनानं काही देऊ नका, हृदयाला, किडनीला त्रास होईल."

मोठीआई दिवाळीपर्यंत होती.

तिला चुलीमुळेच झाला, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2006 मध्ये घरातल्या कोळशाच्या धुराला कर्करोगकारक ठरवलं, लाकडाच्या धुराला 'बहुधा'. हा 'बहुधा' मला आधी पळवाट वाटला. पण खात्री होईपर्यंत धूर थांबत नाही.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो तर आई आतल्या चुलीत पऱ्हाट्या सारत होती. बाजूला गॅसची शेगडी झाकून ठेवलेली.

"गॅस लवकर संपते बाबू," ती म्हणाली आणि खोकली.

एन्झाइमबद्दल तिला काही सांगितलं नाही. आता सिलिंडर मी बुक करतो, पैसेही मीच भरतो. पाण्याची चूल अंगणात नेली.

चुलीवरच्या भाकरीची चव गॅसवर येत नाही, असं पुण्यातल्या मित्रांना मी मोठ्या अभिमानानं सांगायचो. ते बंद केलंय.