वेध घेणे आणि वेध लागणे

मराठीतील ‘वेध’ हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. ज्योतिर्विद ग्रहाचा वेध घेतो, तेव्हा तो त्याचे आकाशातील स्थान मोजीत असतो. ग्रहणाचे वेध लागतात, तेव्हा ग्रहण अद्याप आलेले नसते; पण त्याची छाया माणसाच्या अन्नपाण्यावर आधीच पडलेली असते. एका वेधात मोजमाप आहे, दुसऱ्यात धास्ती. या दोहोंचे नाते किती गुंतागुंतीचे असते, हे २००४ सालच्या डिसेंबरात एका दगडाने दाखवून दिले.

त्या वर्षी १९ जूनला अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या किट पीक येथून एक लघुग्रह दिसला. दोन रात्री त्याचे वेध मिळाले आणि तो हातचा गेला. १८ डिसेंबरला ऑस्ट्रेलियातील सायडिंग स्प्रिंग येथून तोच पुन्हा सापडला. सुमारे साडेतीनशे मीटर व्यासाचा हा दगड १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीवर आदळेल काय, असा प्रश्न उभा राहिला.

दुर्बिणीला लघुग्रहाची दिशा कळते, अंतर कळत नाही. निरनिराळ्या रात्रींच्या दिशा जुळवून, पृथ्वीचे स्वतःचे भ्रमणही हिशेबात धरून, गणिती त्याची कक्षा बसवितो. १८०१ साली पियाझीने सुमारे सहा आठवडे पाहिलेला सीरीस सूर्यप्रभेत लोपला, तेव्हा तो पुन्हा कोठे शोधावा हे तरुण गाउसने अशाच गणिताने सांगितले आणि वर्षअखेर तो सापडला. परंतु प्रत्येक वेधात अल्पशी चूक असतेच. त्यामुळे मोजक्या वेधांतून एक कक्षा न निघता संभाव्य कक्षांचा झुबका निघतो, आणि पंचवीस वर्षांच्या प्रवासात तो पृथ्वीच्या व्यासाच्या कितीतरी पट पसरतो. त्यातील किती कक्षा पृथ्वीला छेदतात, यावरून आघाताची संभाव्यता ठरते. दगडाचा मार्ग एकच असतो. ही संख्या निरीक्षकाच्या अज्ञानाची रुंदी सांगते.

यातून एक विलक्षण गोष्ट घडते. नवे वेध मिळतात तसतसा तो पसारा आक्रसतो, आणि पृथ्वी अजून त्याच्या आतच असेल तर तिचा वाटा वाढतो. ज्ञानाबरोबर काही काळ भीतीही वाढते. त्या आठवड्यात संभाव्यता चढत चढत ३७ त १ इतकी झाली. तोरिनो मापश्रेणीवर हा लघुग्रह चौथ्या पायरीपर्यंत गेला. त्याच दिवसांत, २६ डिसेंबरला, सुमात्राजवळ समुद्रतळाशी झालेल्या भूकंपाच्या लाटांनी तमिळनाडूपर्यंतच्या आणि त्यापलीकडच्याही किनाऱ्यांवर दोन लाखांहून अधिक माणसे गिळली. पंचवीस वर्षांनंतरच्या संकटाचा हिशेब चालला होता. काही तासांवर आलेल्या संकटाची वर्दी देणारी यंत्रणा हिंदी महासागरात नव्हती.

२७ डिसेंबरला दिलासा मिळाला, तो जुन्या दप्तरातून. स्पेसवॉच सर्वेक्षणाच्या १५ मार्चच्या चित्रांत, तोवर कोणी न ओळखलेला तो अंधुक ठिपका सापडला. पाठभेदांचा वाद एखाद्या जुन्या प्रतीने मिटवावा, तसा त्या नोंदीने २०२९ च्या आघाताचा प्रश्न मिटविला. २०३६ ची शंका २०१३ साली आणि २०६८ ची शंका २०२१ सालच्या रडारवेधांनी फिटली. किमान शंभर वर्षे त्याच्यापासून भय नाही.

हा क्रम पुन्हाही घडला. २०२४ वायआर४ या लघुग्रहाची २०३२ मधील आघाताची संभाव्यता २०२५ च्या फेब्रुवारीत ३ टक्क्यांवर गेली आणि काही दिवसांत जवळजवळ शून्यावर आली. संख्या चढली की आरडाओरड आणि उतरली की शास्त्रज्ञांचा उपहास, ही दोन्ही एकाच गैरसमजाची अपत्ये होत. चढणे आणि उतरणे हे एकाच शोधाचे दोन टप्पे आहेत.

किट पीकच्या त्या दगडाला २००५ साली सूर्यदेवाचा वैरी असलेल्या इजिप्ती सर्पाचे नाव मिळाले : अपोफिस. १३ एप्रिल २०२९ रोजी तो भूपृष्ठापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून, भूस्थिर उपग्रहांच्याही आतून जाईल आणि पूर्व गोलार्धातील अनेकांना नुसत्या डोळ्यांनी दिसेल. खगोलज्ञांना त्या रात्रीचे वेध आतापासूनच लागले आहेत; मराठीत हा शब्द उत्कंठेसाठीही वापरतात.