नाव कुणाला लावता येत नाही?

चि. मुक्ता,

कादंबरीतल्या राजघराण्यासाठी तू काढलेली नावांची यादी वाचली. सगळी भारदस्त आहेत, पण नाव कानाला कसं लागतं यातच तू अडकलीस. जॉर्ज मार्टिनच्या कादंबऱ्यांतल्या वेस्टरोसमध्ये टार्गेरियन हे राजघराण्याचं नाव दणदणीत आहेच. खरी मेख मात्र ते कुणाला लावता येत नाही यात आहे.

डेमनचंच घे. बाप राजा चौथा एगॉन, आई त्याचीच चुलत बहीण डेना. रक्त दोन्हीकडून टार्गेरियन! पण आईबापाचं लग्न नाही, म्हणून पोर ‘वॉटर्स’. राजधानीच्या मुलखात सरदारांच्या अनौरस पोरांना हेच आडनाव, उत्तरेत ‘स्नो’. डेमन बारा वर्षांचा असताना बापानं त्याला ब्लॅकफायर तलवार दिली. पहिल्या एगॉननं राज्य जिंकलं ते हीच कमरेला लावून, त्यामुळे ती गादीचीच खूण. औरस मुलगा डेरॉन बघत राहिला. पोरानं मग तलवारीचंच आडनाव केलं. मरताना एगॉननं सगळी अनौरस मुलं औरस ठरवून टाकली (असले बाप घराण्याला पुरून उरतात), आणि त्यांच्या कालगणनेतल्या १९६ साली डेमन बंड करून उठला. निशाण काय घेतलं? टार्गेरियनांचा काळ्या कापडावर तांबडा, तीन डोक्यांचा ड्रॅगन. यानं तांबड्यावर काळा काढला. डेमन त्या बंडातच पडला, तरी ब्लॅकफायरांची पुरुषशाखा संपायला २६० साल उजाडलं.

उलट टार्गेरियनांकडून गादी घेणारा रॉबर्ट बराथियन. त्याची आजी टार्गेरियन, आणि गादीवरचा हक्क सांगताना तीच पुढे केली गेली. नाव मात्र बराथियनच राहिलं, म्हणून लोकांच्या लेखी घराणं बदललं.

मार्टिननं इंग्लंडच्या गुलाबांच्या युद्धांवरून बरंच उचललंय. तिथं प्लँटॅजेनेट हे राजघराण्याचं नाव मुळात बाराव्या शतकातल्या अँजूच्या जेफ्रीचं टोपणनाव. पुढचे राजे ते आडनाव म्हणून लावत नसत. पंधराव्या शतकात यॉर्कच्या ड्यूक रिचर्डनं ते उकरून काढलं, कारण त्याला राजा सहाव्या हेन्रीपेक्षा आपला हक्क मोठा दाखवायचा होता.

तेव्हा यादी ठेव बाजूला. तुझ्या राजाला दासीपासून झालेला तो मुलगा दरबारात काय नाव सांगतो, आणि तेव्हा राणी कुठे बसलेली असते, ते आधी लिहून पाठव. ‘सूर्यध्वज’ तेवढं काट, नाटक कंपनीचं वाटतं.

तुझा,
मामा