मेन जेट सगळ्यात शेवटी

वेबर ४० डीसीओई कार्ब्युरेटरचं ट्युनिंग करायला बसलेला माणूस बहुधा आधी हात घालतो तो मेन जेटला, आणि घोळ तिथेच सुरू होतो. मेन जेट शेवटी ठरवायचा असतो. १९६२ साली आलेली लोटस इलान घ्या. तिच्या १५५८ सीसी ट्विन-कॅम इंजिनावर असे दोन कार्ब्युरेटर आडवे बसतात, म्हणजे चार सिलिंडरना चार स्वतंत्र बॅरल. थ्रॉटल जेमतेम उघडा असताना व्हेंचुरीतून वाहणारी हवा इतकी मंद असते की मेन जेटमधलं पेट्रोल ती ओढूच शकत नाही. तोवर सगळं पेट्रोल आयडल जेटमधून येतं. ते आधी मिक्श्चर स्क्रूच्या भोकातून जातं, मग थ्रॉटलची चकती फिरते तशी एकेक उघडी पडणाऱ्या प्रोग्रेशनच्या बारीक भोकांतून. हलक्या पायाने चालवताना हे साधारण अडीच-तीन हजार आरपीएमपर्यंत चालतं, आणि रस्त्यावरची गाडी बराचसा वेळ याच टापूत असते.

म्हणून मी क्रमाला जपतो. आधी टॅपेट, इग्निशन टायमिंग, फ्लोटची उंची, पेट्रोलचा दाब. मग चारही बॅरलची हवा मीटर लावून सारखी करायची. त्यानंतर गरम इंजिनावर एकेक मिक्श्चर स्क्रू थोडा थोडा फिरवत आयडलिंग जिथे सर्वांत भरीव होतं, तिथे थांबवायचा. पण स्क्रूची सत्ता आयडलिंगपुरतीच. प्रोग्रेशनला किती पेट्रोल मिळणार ते आयडल जेट ठरवतो. आयडलिंग सुरेख, पण पाय हळूच दाबला की गाडी अडखळते आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून फटकन आवाज येतो, तेव्हा मिश्रण लीन आहे, आयडल जेट एक पायरी मोठा हवा. तिथेच इंजिन जड वाटलं आणि प्लग काजळीने काळे निघाले, तर लहान हवा. इथे मेन जेट वाढवला तर अडखळणं फार तर झाकलं जातं आणि वर इंजिन रिच होऊन बसतं. हे सगळं जुळल्यावरच पूर्ण थ्रॉटलवर गाडी कशी ओढते ते पाहून मेन जेट निवडावा, आणि वरच्या आरपीएमसाठी एअर करेक्टर.

कारखान्याने जेटचे आकडे दिलेले असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. ते आकडे त्या काळच्या पेट्रोलसाठी होते. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला सुमारे १४.१. म्हणजे तेवढ्याच हवेला चारेक टक्के जास्त इंधन हवं. जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. ११५ चा १२० केला तर भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ नऊ टक्के वाढतं. एक पायरी चढलात की गरजेच्या दुप्पट पुढे गेलात. छापील आकडा सुरुवातीला घ्यावा. निकाल समोरच्या इंजिनाकडून घ्यावा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर लावला की मिश्रण थेट वाचता येतं, मग कान आणि प्लग कशाला? सेन्सर जरूर लावावा, मीही त्याला मानतो. पण चार सिलिंडरचा धूर एकत्र होतो तिथे तो बसतो, म्हणून सरासरी सांगतो. एक बॅरल रिच, दुसरा लीन, तरी आकडा बरोबर दिसू शकतो. शिवाय सिलिंडर मिस झाला की न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये येतो आणि सेन्सर लीन म्हणतो, मग ते मिसिंग जास्त पेट्रोलामुळे का होईना. चारही बॅरल सारखे वागू लागले की मगच त्या सरासरीवर विश्वास ठेवता येतो. यंत्र आलं म्हणून क्रम बदलत नाही, उलट त्या क्रमामुळेच यंत्र उपयोगी पडतं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती लिहून ठेवावी, कारण दोन जेट एकदम बदलल्यावर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय ट्युनिंग झालं असं मी म्हणणार नाही.