मामूंची वही

१९९९ साली मालेगावात मी संगणकाचा वर्ग पूर्ण केला. प्रमाणपत्र मिळाले; पण नोकरी मागायला गेलो की एकच प्रश्न येई, "अनुभव किती?" नोकरीशिवाय अनुभव आणायचा कुठून?

अब्बा यंत्रमाग चालवत. ते म्हणाले, "मीही दुसऱ्याच्या मागावर फुकट राबून शिकलो. मामूंकडे जा."

मामूंच्या कापडाच्या दुकानात एक जुना संगणक होता. मुले त्यावर खेळ खेळत. तीन महिने खपून मी फॉक्सप्रोमध्ये उधारीच्या हिशेबाचा प्रोग्राम लिहिला. वर्षाचे मात्र शेवटचे दोनच आकडे ठेवले. या चुकीची तेव्हा जगभर चर्चा होती. पण ती माझ्याच घरात असेल, असे कुठे वाटले होते! २००० साल उजाडले आणि कालची उधारी यादीत सर्वांत जुनी ठरली.

मामूंनी मुकाट्याने जुनी वही काढली. मला रडू कोसळले. रात्रभर बसून मी प्रोग्राम दुरुस्त केला, प्रत्येक नोंद वहीशी ताडून पाहिली.

पुढे नाशिकच्या मुलाखतीत साहेबांनी विचारले, "तुम्ही स्वतः काय बनवले?" मी ती चूकच सांगितली. साहेब बराच वेळ खोदून खोदून विचारत राहिले. शेवटी म्हणाले, "सोमवारपासून या."

मामू मात्र वही लिहीतच राहिले.