प्रिंटरचा दुभाष्या

आपल्या शाळेत तीन प्रिंटर आहेत. फीच्या पावत्यांचा जुना डॉट मॅट्रिक्स, शिक्षकांच्या खोलीतला लेझर, आणि दोन वर्षांपूर्वी घेतलेला मोठा, झेरॉक्सही काढणारा. ते वापरणारे विंडोजचे संगणक आठ. या तिघांना त्या आठांशी नीट जोडण्याचे काम दिवाळीनंतर जवळपास महिनाभर चालले. तेव्हा विश्वस्त मंडळातले एक काका म्हणाले, "मॅडम, प्रिंटर आहे, संगणक आहे, मध्ये तार आहे. मग अडलंय कुठं?" प्रश्न रास्त आहे, आणि बऱ्याच पालकांच्याही मनात तो असेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी हिंदी माध्यमातून बी.एस्सी. झाले. आमच्या वेळी कॉलेजातला संगणक काचेच्या खोलीत असायचा आणि चपला बाहेर काढून बघायचा असायचा. पुढे पुस्तकात 'ड्रायव्हर'ला 'चालक' असा प्रतिशब्द वाचला आणि वाटले, प्रिंटर चालवणारा तो चालक. हा शब्द समजुतीला फारसा उपयोगी नाही. खरा शब्द दुभाष्या. सांगलीहून आलेली आजी मराठीच बोलते, दारातला भाजीवाला हिंदी-माळवी बोलतो, आणि चौथीतली नात मध्ये उभी राहून दोघांचे जमवून देते. ती नात म्हणजे ड्रायव्हर. विंडोज सांगते, "हे पान छाप." प्रिंटरला कळते ते एवढेच, की इथे ठिपका दे, इथे देऊ नको, कागद पुढे सरकव. प्रत्येक बनावटीच्या प्रिंटरची बोली निराळी, म्हणून दुभाष्याही निराळा.

आता हिशेब करा. आठ संगणक, तीन प्रिंटर, म्हणजे चोवीस वेळा दुभाष्या बसवायचा. एखादा संगणक बिघडून नव्याने भरला, की त्याचे तीन पुन्हा. सीडी कपाटात सापडत नाही, सापडली तर नव्या संगणकाला सीडीची खाचच नसते. बाहेरून माणूस बोलवावा तर तो दर फेरीचे पैसे घेतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला आणि आपल्याला ऑफिसातले संगणक विंडोज ११ वर न्यावे लागले, तेव्हा हा सगळा पसारा एकदम अंगावर आला. आमचे संगणकाचे सर म्हणाले, तिन्ही दुभाष्ये एकाच ठिकाणी ठेवू. त्यासाठी त्यांनी प्रयोगशाळेतला एक जुना संगणक लिनक्सवर चढवला आणि त्यावर 'सांबा' बसवले.

सांबाची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. १९९१-९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल नावाचा विद्यार्थी होता. डॉसचे आणि विंडोजचे संगणक फायली आणि प्रिंटर वाटून घेण्यासाठी 'एसएमबी' नावाची भाषा बोलतात. तिचे व्याकरण त्याच्या हाती नव्हते. तो तारेवरून काय मागितले जाते आणि उत्तर काय येते, हे नुसते ऐकत बसला. परक्या गावी खाणावळीत बसून गिऱ्हाइके काय मागतात आणि ताटात काय येते हे बघत भाषा शिकावी, तसे हे आहे, असे तो समजावून सांगत असे. आपल्या सराफ्यात रात्री दोन तास उभे राहिले तर मद्रासचा पाहुणाही 'गराडू' शिकून जाईल, त्यातलाच प्रकार. नावासाठी त्याने शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द शोधले, त्यात 'सांबा' निघाला. पुढे युरोपातल्या खटल्यानंतर डिसेंबर २००७ मध्ये सांबाच्या मंडळींना मायक्रोसॉफ्टकडून त्या भाषेची अधिकृत कागदपत्रे दहा हजार युरो भरून मिळाली. पण तोवर पंधरा वर्षे त्यांनी बरेचसे ऐकूनच काम चालवले होते. शाळेला या सांबासाठी एक रुपयाही परवाना शुल्क पडले नाही.

सर्व्हरवर एक खास कप्पा असतो. त्याचे नाव 'प्रिंट' आणि त्याला डॉलरचे चिन्ह जोडलेले. शेवटी डॉलर असला की तो कप्पा सर्वसाधारण यादीत दिसत नाही. त्यात ३२-बिटी आणि ६४-बिटी विंडोजचे ड्रायव्हर वेगवेगळ्या खणांत राहतात. गंमत अशी, की लिनक्सला हे ड्रायव्हर स्वतः चालवता येत नाहीत. ग्रंथालयाच्या शिपायाला कानडी वाचता येत नसले तरी मागितलेले कानडी पुस्तक तो बरोबर काढून देतो, तेवढेच काम सर्व्हर करतो. ड्रायव्हर कप्प्यात ठेवायचे कामही विंडोजच्याच एका संगणकावरून होते, आणि ज्याला तसा अधिकार दिला आहे त्यालाच ते जमते. मग कुठल्याही संगणकावर जाऊन सर्व्हरवरच्या प्रिंटरवर दोनदा टिचकी मारली, की ड्रायव्हर आपोआप त्या संगणकावर येतो.

पहिल्या दिवशी एवढे सगळे झाले आणि प्रिंटर लाल दिवा लावून बसला. कागद भरलेला, शाई भरलेली. कारण पाहिले तर नवा ड्रायव्हर 'लेटर' आकाराचा अमेरिकी कागद मागत होता, २१६ गुणिले २७९ मिलिमीटर. आपला ए-४ म्हणजे २१० गुणिले २९७. ड्रायव्हर चढवल्यावर मूळ मांडणी एकदा विंडोजवरून भरून द्यावी लागते. ती भरली, की आठही संगणकांना तीच मिळते. त्यानंतर सरांनी चाचणीचे पान काढले, त्यावर 'दुसऱ्या वाऱ्यावर बाळ कळवळले' असे काहीतरी लिहिले होते. बाहेरच्या दुकानात मराठी प्रश्नपत्रिका छापायला दिल्या की तिथल्या संगणकावर 'ऱ्य'चा अर्धा र हटकून निसटतो. इथे तो जागेवर होता. मला बरे वाटले, हे लपवत नाही.

एक वाद मात्र झाला. जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई-सेवेतला 'प्रिंटनाइटमेअर' नावाचा दोष उघड झाला. ड्रायव्हर बसवण्याच्या मिषाने कोणीही साधा वापरकर्ता संगणकाचा पूर्ण ताबा घेऊ शकत होता. १० ऑगस्ट २०२१ पासून मायक्रोसॉफ्टने नियम केला, की सर्व्हरवरून ड्रायव्हर घ्यायचा तर त्या संगणकाच्या प्रशासकाचा पासवर्ड हवा. म्हणजे सरांनी प्रत्येक संगणकापाशी एकदा जायलाच हवे. बाहेरच्या एका तंत्रज्ञाने सुचवले, एक नोंद बदला, पासवर्ड विचारणारच नाही. काही शिक्षकांनाही ते सोयीचे वाटले. मी नाही म्हटले. ज्या संगणकांवर मुलांचे गुण आहेत आणि वार्षिकच्या प्रश्नपत्रिका तयार होतात, तिथे फाटक सताड उघडे ठेवायचे नाही. सरांच्या आठ फेऱ्या झाल्या, दोन दुपारी लागल्या.

प्रश्नपत्रिकांमुळेच आणखी दोन गोष्टी कळल्या, ज्यांचा विचार आमच्यापैकी कोणी केला नव्हता. छापायला पाठवलेले पान प्रिंटरकडे जाण्यापूर्वी सर्व्हरवर उतरते, आणि छापून झाल्यावरही त्याची प्रत काही काळ तिथे राहू शकते. ती न ठेवण्याची सूचना आता देऊन ठेवली आहे. दुसरे असे, की रांगेत उभ्या असलेल्या कामाचे नाव इतर संगणकांवरही दिसते. 'नववी गणित वार्षिक' असे नाव प्रयोगशाळेत बसलेल्या नववीच्या मुलाने वाचले, तर त्याला दोष कसा द्यायचा? आता प्रश्नपत्रिकांसाठी त्याच मोठ्या प्रिंटरचे दुसरे नाव सर्व्हरवर केले आहे, आणि ते फक्त परीक्षा विभागाच्या तिघांनाच वापरता येते.

शिक्षकांच्या खोलीतल्या जुन्या लेझरचे प्रकरण वेगळे निघाले. विंडोज ११ फक्त ६४-बिटी आहे आणि या प्रिंटरचा तसा ड्रायव्हर निर्मात्याने काढलाच नाही. काकांनी नव्याची किंमतही काढून आणली. पण लिनक्सकडे त्या प्रिंटरची बोली जाणणारा ड्रायव्हर होता. तेव्हा दुभाष्या संगणकांवरून उचलून सर्व्हरवरच बसवला. विंडोज आता सर्वसाधारण पोस्टस्क्रिप्टमध्ये पान पाठवते आणि सर्व्हरवरची 'कप्स' ही छपाई-व्यवस्था ते जुन्याच्या बोलीत उलगडून सांगते. पान यायला थोडा वेळ लागतो. मराठीच्या बाई म्हणतात, तेवढ्यात चहा होतो.

ही व्यवस्था किती वर्षे पुरेल? प्रिंटर कंपन्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्येच जाहीर केले आहे, आणि नवे बरेच प्रिंटर सामायिक भाषा जाणतात, त्यांना खास दुभाष्या लागत नाही. पुढची खरेदी होईल तेव्हा तसाच प्रिंटर मागू. तोवर सरांनी सगळी मांडणी पायरीपायरीने एका दोनशे पानी वहीत मराठीत लिहून घेतली आहे. सर उद्या दुसरीकडे गेले तरी काम अडू नये, म्हणून ती वही ऑफिसच्या कपाटात, फी-पावत्यांच्या खणात ठेवली आहे. अकरावीच्या दोन मुलींनी ती वाचून प्रयोगशाळेतल्या एका रिकाम्या संगणकावर तीच मांडणी स्वतः करून पाहिली. सतराव्या पानावर एक पायरी सुटली आहे, असे त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.