जीपचे ब्रेक बदलायचे तर पुरते बदला

उमरखेड भागात जुन्या महिंद्रा जीपा अजून चालतात. काही वडिलांच्या काळापासून वाड्यात उभ्या आहेत, काही हौशी लोकांनी शोधून आणून पुन्हा रस्त्यावर काढल्या आहेत. इंजिन आणि रंगकाम उरकले की मालकाचा पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: पुढच्या चाकांना डिस्क बसवू का? या गाड्या चालवून आणि त्यांचे ब्रेक उघडून माझे मत पक्के होत गेले आहे. बसवावी, पण चाकापासून पायाखालच्या पेडलपर्यंत सगळी यंत्रणा बदलणार असाल तरच. चाकात डिस्क नवी आणि बाकीचे सगळे जुनेच, अशी गाडी नीट जुळवलेल्या चार ड्रमच्या गाडीपेक्षा धोक्याची असते.

मूळ जीप वाईट होती म्हणून हा बदल करायचा नाही. विलीसच्या नमुन्यावर बनलेल्या जीपला 9 इंची ड्रम होते. गाडीचे वजन सुमारे एक टन, इंजिन पेट्रोलचे, आणि खडीच्या रस्त्यावर ताशी चाळीस-पन्नासच्या पुढे कोणी फारसे जात नसे. त्या कामाला ते ब्रेक पुरेसे होते. आज तीच जीप उमरखेडहून हदगावकडे किंवा महागावकडे निघाली की तुळजापूर–बुटीबोरी राष्ट्रीय महामार्गाला लागते. तिथे मागून येणारा ट्रक तिला चाळीसने चालू देत नाही. त्यात अनेकांनी पेट्रोल इंजिन काढून जड डिझेल इंजिन बसवलेले असते. गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून चाळीसऐवजी ऐंशीच्या वेगात ब्रेक लावला तर चाकांत चौपट उष्णता तयार होते. दीड टनाची गाडी ऐंशीच्या वेगातून थांबवायची म्हणजे सुमारे 370 किलोज्यूल ऊर्जा काही सेकंदांत लोखंडात जिरवायची. गाळपाच्या हंगामात रात्री मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर येते, तेव्हा हा हिशेब कागदावर राहत नाही.

जुने ड्रायव्हर यावर सांगतात की चांगला ड्रम चाक जाम करू शकतो, मग डिस्कने आणखी काय मिळणार? त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. थंड, कोरड्या, जुळवलेल्या ड्रमने पहिल्यांदा ब्रेक लावताना गाडी किती अंतरात थांबेल ते टायरची पकड ठरवते, तिथे डिस्क फारसा फरक पाडत नाही. फरक पडतो तो दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या वेळी. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून दूर जातो. पेडल आणखी खाली जाते, आणि लायनर तापल्याने घर्षणही घटते. डिस्क उघडी असल्याने तिची उष्णता वाऱ्याला लागते, आणि ती तापून फुगली तरी पॅडकडेच सरकते. पाण्याचेही तसेच. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असताना जीप पार केली की ड्रममध्ये पाणी अडकते आणि पुढे बराच वेळ एक चाक धरते, दुसरे धरत नाही, गाडी एका बाजूला ओढते. डिस्कवरचे पाणी काही फेऱ्यांत फेकले जाते. ब्रिटनच्या लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट 1902 मध्येच घेतले होते, पण तिचा दबदबा निर्माण झाला तो 1953 च्या ल मां शर्यतीत, जेव्हा डिस्क लावलेली जग्वार चोवीस तास धावून जिंकली. अमेरिकेतल्या त्या काळच्या दांडग्या गाड्यांची गतही आपल्या जीपसारखीच होती. 1964 च्या पाँटिअॅक जीटीओला 325 अश्वशक्तीचे इंजिन होते आणि चारही चाकांना ड्रम. पुढची डिस्क तिला 1967 मध्ये मिळाली, तीही मागणीनुसार. आज तिकडचे शौकीन त्या गाड्यांवर हेच काम करतात.

आता ज्या भागावर माझा सगळा भर आहे तो. ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच अधिक घट्ट बसतो, म्हणून पायाचा थोडा जोरही पुरतो. डिस्कला ही फुकटची मदत नाही. तिला लाइनीत कितीतरी जास्त दाब लागतो. पेडलचा जोर तेलाच्या दाबात बदलणाऱ्या जुन्या मास्टर सिलेंडरवर डिस्कचे कॅलिपर (पॅड दाबणारे भाग) जोडले की पेडल दगडासारखे लागते किंवा कॅलिपरचे मोठे पिस्टन भरायला तेल कमी पडून पेडल तळाला जाते. म्हणून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर हवा. बूस्टरला व्हॅक्यूम हवा, आणि डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये तो पेट्रोलसारखा तयार होत नाही, त्यामुळे वेगळा व्हॅक्यूम पंप हवा. बहुतेक डिझेल जीपांत तो अल्टरनेटरच्या मागे असतो. तो तपासल्याशिवाय बूस्टर बसवणे निरर्थक. ड्रमच्या मास्टर सिलेंडरमध्ये लाइनीत थोडा दाब कायम धरून ठेवणारी झडप असते. ती तशीच राहिली तर पॅड डिस्कला घासत राहतात, चाक तापते आणि तेल उकळायला लागते. तेलाचेही असेच. डॉट 3 तेलाचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान 205 अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर तो 140 पर्यंत खाली येऊ शकतो. बाटली वर्षभर उघडी ठेवून तेच तेल ओतणे ही आपल्याकडची सवय डिस्कवाल्या गाडीला परवडणारी नाही.

मागच्या चाकांचा तोल ही त्याहून नाजूक गोष्ट. ब्रेक लावताना वजन पुढे झुकते, म्हणून मुख्य काम पुढच्या चाकांचे असते आणि मागे ड्रम राहिले तरी चालते. पण पुढच्या कॅलिपरसाठी वाढवलेला दाब मागच्या ड्रमलाही तसाच गेला तर मागची चाके आधी जाम होतात. महिंद्राच्या सीजे-3बी जीपच्या पुढच्या आणि मागच्या आसांतले अंतर फक्त 80 इंच, म्हणजे दोन मीटरच्या आसपास. एवढी आखूड गाडी मागून घसरली की चालकाला सावरायला वेळ मिळत नाही. मागचा दाब मर्यादित करणारी झडप त्यासाठी लागते, आणि ती रिकाम्या रस्त्यावर हळूहळू वेग वाढवत जुळवावी लागते. हँडब्रेकची चिंता मात्र नाही. या जीपांत तो ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर धरतो, चाकांच्या ब्रेकशी त्याचा संबंध नाही.

या सगळ्यात पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर मी डिस्क पुढे ढकलून दुहेरी मास्टर सिलेंडर आधी घ्यायला सांगेन. जुन्या जीपची सगळी तेलवाहिनी एकच. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. दुहेरी सिलेंडरमध्ये पुढचा आणि मागचा भाग वेगळा राहतो, एक गेला तरी दुसरा गाडी थांबवतो. हे ड्रमवरही करता येते, त्याला योग्य सिलेंडर निवडला की झाले. डिस्कचे आकर्षण दिसण्यात आहे आणि हा सिलेंडर नजरेआड असतो, म्हणून लोक त्याच्यावर खर्च करत नाहीत.

डिस्क बसवण्यावरचा कायद्याचा आक्षेप गंभीर आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावले. ब्रेकचा प्रकार प्रमाणपत्रावर लिहिलेला नसतो, तरी तेवढ्या आधारावर बेफिकीर राहू नये. यवतमाळला परिवहन कार्यालयात निरीक्षकाला आधी विचारावे, कंपनीच्याच दुसऱ्या गाडीचे सुटे भाग वापरावेत आणि बिले जपून ठेवावीत. अस्सलपणाचा आक्षेप मला कमी पटतो. केंद्राच्या जुलै 2021 च्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणताना चासी, बॉडी आणि इंजिन यांतला मोठा बदल वर्ज्य धरला आहे, ब्रेकचे नाव तिथे नाही. शिवाय बोल्टने बसणारी डिस्क काढून ड्रम परत चढवता येतो, त्यासाठी जुने हब आणि ड्रम तेल लावून ठेवून द्यावेत. पण कॅलिपरचा कंस नकलला (आसाच्या टोकाला चाक धरणाऱ्या आणि वळवणाऱ्या भागाला) वेल्डिंग करून चिकटवण्याला माझा साफ विरोध आहे. ओतीव लोखंडाला केलेला जोड नेमका जोरात ब्रेक लावताना तुटतो, आणि कापलेला भाग मूळ रूपात येत नाही. तुमच्या जीपच्या नकलवर कंस बोल्टने बसत नसेल तर पूर्ण नकल बदला. तेही जमत नसेल तर ड्रमच ठेवा, पण लायनर नवे टाका, ड्रम गोल करून घ्या, शू नीट जुळवा आणि ताशी साठच्या वर जाऊ नका.