समासातली पेन्सिल

पुस्तक छापून आलं तेव्हा पहिला महिनाभर मी नुसती हवेत होते. सासूबाईंना घेऊन केलेल्या शिखरजीच्या यात्रेचं ते छोटंसं पुस्तक. मंदिरात वाटलं, भिशीत वाटलं, सांगलीला माहेरी पाठवलं. भेटेल ती म्हणायची, "छान झालंय हो! अगदी आम्हीच जाऊन आल्यासारखं वाटलं." मी लाजल्यासारखं करायची आणि घरी आल्यावर ते वाक्य नवऱ्याला पुन्हा सांगायची.

मग एक प्रत खानवेलकडच्या एका शिक्षिकेला दिली. सिल्वासात राहून मराठी वाचणारी मैत्रीण मिळाली की तिला सोडवत नाही. आमची ओळख ग्रंथालयातली. ती कोकणा समाजातली, मराठी शाळेत शिकवते, मला ताई म्हणते. तीन आठवड्यांनी तिने पुस्तक परत आणून दिलं. मी म्हटलं, "अगं, ते तुलाच दिलंय." ती म्हणाली, "ठेवते ना ताई, पण आधी तुम्ही एकदा बघा. समासात थोडं लिहिलंय. पेन्सिलीनं लिहिलंय, नको वाटलं तर खोडता येईल."

रात्री स्वयंपाकघर आवरून पुस्तक उघडलं. बहुतेक पानं कोरीच होती. दोन-तीन ठिकाणी बारीक बरोबरची खूण. सासूबाई पहाटे दोन वाजता मधुबनातल्या धर्मशाळेत अंघोळ करून तयार बसल्या होत्या, तिथे तिने लिहिलं होतं, "माझी आजी अशीच." बरं वाटलं. मग डोलीचं पान आलं. चढ नऊ किलोमीटर, वर टोंकांची वंदना नऊ आणि उतार नऊ, असे सत्तावीस किलोमीटर सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. डोलीचं भाडं ठरवायला त्यांना वजनकाट्यावर उभं केलं, त्या कशा संकोचल्या, हे मी रंगवून लिहिलं होतं. समासात एवढंच होतं, "चौघांची नावं?"

आणखी दोन पानांनी मी लिहिलं होतं की अंधारात तो निर्मनुष्य डोंगर जणू वीस तीर्थंकरांच्या निर्वाणापासून तसाच मुका उभा आहे. 'निर्मनुष्य'खाली रेघ. बाजूला, "तिथे कुणीच राहत नाही का?"

शेवटच्या पानावर जरा मोठा मजकूर होता. "ताई, तुमचं मधुबन वाचताना मला सारखं आमचं मधुबन दिसत होतं. आमचं शेत त्या पाण्याखाली आहे. पुस्तक आवडलं."

आपल्याकडे मधुबन म्हटलं की दमणगंगेवरचं धरण. सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना दुधनीला नेऊन आम्ही तेच पाणी दाखवतो, नावेत बसतो, फोटो काढतो. शिखरजीच्या पायथ्याचं गाव आणि इथलं धरण यांचं नाव एकच, ही गंमत मी पुस्तकाच्या पहिल्याच पानावर सांगितली होती. त्या पाण्याखाली कुणाचं शेत असेल, हे मनात आलं नव्हतं.

खरं सांगते, मला राग आला. तीन दिवस धुसफुसत होते. हिला आमच्या तीर्थातलं काय कळतं? मी भक्तीनं लिहिलं, ही हजेरी घेते! चौथ्या दिवशी सासूबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, डोलीवाल्यांची नावं आठवतात का हो?" त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या उजवीकडच्याचा पाय सुजला होता. मी म्हटलं, थोडं उतरते, तर नको माई म्हणाला. त्याची पोरगी दहावीला होती. पण नाव... नाव विचारलंच नाही गं आपण."

सत्तावीस किलोमीटर त्यांनी माझ्या सासूला खांद्यावर नेलं. मी सूर्योदयावर दीड पान लिहिलं.

आणि डोंगर निर्मनुष्य कसा? जानेवारी २०२३ मध्ये पारसनाथवर पर्यटन नको म्हणून देशभर आपल्या समाजानं मोर्चे काढले, आणि ५ जानेवारीला केंद्र सरकारनं तिथल्या पर्यटनाच्या कामांना स्थगिती दिली. तेव्हा संथाळ लोकही पुढे आले होते. हा आमचा मारंग बुरू आहे, आमचंही पूजास्थान आहे, असं त्यांनी सांगितलं. बातमी मी वाचली होती. तरीही लिहायला बसले तेव्हा डोंगर रिकामा करून टाकला. रिकामा डोंगर लिहायला सोपा असतो.

हिंदीत आलोचना म्हणजे टीका. आपल्या शास्त्रात मात्र आलोचना म्हणजे आपले दोष न लपवता गुरूसमोर सांगणं. प्रायश्चित्ताच्या प्रकारांत ती पहिली. लहानपणापासून आपण पाठ म्हणतो, पण दोष सांगायचे तर ते आधी दिसायला हवेत ना? आपला लेख आपल्याला दिसत नाही, जशी आपली पाठ दिसत नाही. बनारसीदासांनी १६४१ मध्ये 'अर्धकथानक' लिहिलं, त्यात शेवटी स्वतःच्या गुणांबरोबर दोषांचीही यादी दिली. ते थोर. आम्हा बाकीच्यांना कुणाची तरी पेन्सिल लागते.

पण खरी टोचणी पुढेच होती. या पेन्सिलीकडे बघताना मला माझी लाल शाई आठवली.

२०१८ मध्ये श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक झाला. माझी पुतणी तेव्हा कॉलेजात होती. ती जाऊन आली आणि वहीभर लिहून मला दाखवायला आणलं. "काकी, तू लिहितेस ना, तू सांग." मी सांगितलं! ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, 'भारी' काढून 'नयनरम्य' घातलं. बाहुबलींच्या पायाशी कोरलेली जुनी मराठी अक्षरं बघून तिला वाटलं, कुणीतरी आपल्याच बोलीत हाक मारली. ते वाक्य मला बाळबोध वाटलं. आणि सहाशेहून जास्त पायऱ्या अनवाणी चढताना पाय असे पोळले की वर गेल्यावर देवाआधी सावली शोधली, असं तिने लिहिलं होतं. त्यावर मी आडवी रेघ मारली, पुन्हा मारली. "असं तीर्थाबद्दल लिहू नये," म्हणून खाली शेराही दिला. तिने "बरं काकी" म्हटलं. त्यानंतर तिने मला काही दाखवलं नाही. बहुतेक लिहिलंही नाही.

हे काम मोठमोठ्यांनीही केलंय. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेले, झाशीच्या वेढ्यात सापडले, आणि १८८३ च्या सुमारास त्यांनी 'माझा प्रवास' लिहिला. चिंतामणराव वैद्यांनी तो १९०७ मध्ये छापला, पण भाषा सुधारून, काही गाळून. गोडसे भटजींचा मूळ मजकूर वाचकांना मिळाला तो १९६६ मध्ये, दत्तो वामन पोतदारांनी छापला तेव्हा. वैद्यांचे उपकार मोठेच, त्यांच्यामुळे ते लिहिलं गेलं, छापलं गेलं. पण हस्तलिखित सांभाळून राहिलं म्हणून बरं. सुधारणाऱ्याच्या हाताखालून मूळ माणूस पुन्हा बाहेर येऊ शकला.

माझ्या मैत्रिणीनं माझं एकही वाक्य खोडलं नव्हतं. तिने विचारलं होतं. प्रश्नाला उत्तर द्यायचं की नाही, हे माझ्यावर ठेवलं होतं. मी मात्र पुतणीला काहीच विचारलं नव्हतं. पाय कुठे पोळले, सावली कुठे मिळाली, तिथे बसल्यावर काय वाटलं, एवढं विचारलं असतं तर आणखी दोन पानं लिहिली असती पोरीनं.

शिल्लक प्रतींमध्ये मी आता डोलीच्या पानावर हातानं एक ओळ लिहिते: "या चौघांची नावं मी विचारली नाहीत." 'निर्मनुष्य' खोडते. मैत्रिणीची प्रत तशीच परत दिली, पेन्सिलीसकट. तिला म्हटलं, "तुझ्या मधुबनाबद्दल तू लिही. मी वाचीन." ती हसली. "लाल पेन नाही ना ताई तुमच्याकडे?" मी तिला पुतणीचं काहीच सांगितलं नव्हतं. शिक्षिकाच ती, सहज बोलून गेली असेल. मला मात्र लागलं.

दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणीचा दिवस आला. दरवर्षी सगळ्यांना एकच 'उत्तम क्षमा' पाठवून मी मोकळी होते. यंदा पुतणीला वेगळं लिहिलं. वहीचं लिहिलं, रेघेचं लिहिलं. दोन दिवस उत्तर नाही. मग आलं, "काकी, वही मी टाकली नाही. पण तू खोडलेलं आता मलाच वाचता येत नाही."

मला येत होतं. पाय, पायऱ्या, सावली, सगळं पाठ होतं. तिच्याच शब्दांत, 'भारी'सकट, तिला लिहून पाठवलं.